कॉलनीचं सभागृह: किल्ली, वही आणि पैसे कुणाकडे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावातल्या सव्वाशे घरांच्या कॉलनीत ओपन स्पेसवर आमदार निधीतून सभागृह झालं. २१ जणांची समिती नेमली. आता मीटिंगला चार-पाच जणच येतात, हॉल लग्न-साखरपुड्यांना जातो, स्पर्धा परीक्षेची मुलं बाहेर पायऱ्यांवर पुस्तकं घेऊन बसतात, वीजबिल थकलंय आणि अध्यक्ष फोनवरूनच ओळखीच्यांना हॉल फुकट देतात. समिती कशी असावी, कुणी काय करावं, खर्च कसा भागवावा आणि अध्यक्ष बदलावा का?

अध्यक्षांचं शेवटी बघू. आधी कागद.

सभागृह नेमकं कुणाचं, हे लिहिलेलं तुमच्या फाइलमध्ये आहे का? लेआउट मंजूर होताना सोडलेली ओपन स्पेस आणि निधीतून झालेलं बांधकाम ही सहसा महापालिकेची मालमत्ता असते. समिती फक्त सांभाळणारी. मंजूर लेआउटची प्रत, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, निधीच्या कामाचा प्रशासकीय मान्यतेचा आदेश, आणि देखभालीसाठी जागा तुमच्या संस्थेकडे दिल्याचा ठराव व करारनामा, एवढं हाती हवं. करारनामा नसेल तर भाडं घेण्याचा अधिकारच डळमळीत. असेल तर त्यात मुदत किती, भाड्याला मर्यादा आहे का, मालमत्ता कर आणि वीजबिल कुणाकडे, मोठी दुरुस्ती कुणाची, हे नीट वाचून घ्या. आणि मागच्या बाजूला पत्र्याचं शेड किंवा जास्तीची खोली बांधायच्या आधी थांबा. ओपन स्पेसवर बांधकामाला ठरावीक मर्यादा असते, आणि अतिक्रमणाची तक्रार बाहेरचा माणूस करत नाही, कॉलनीतलाच कुणी नाराज करतो. गावात हीच चौकशी ग्रामपंचायतीत करायची. नंदुरबारकडच्या पाड्यांवर आदिवासी वस्ती सुधारण्याच्या ठक्कर बाप्पा योजनेतून झालेलं समाजमंदिर असेल, तर ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढलंय का ते बघा. नोंद नसली की दुरुस्तीला निधी मिळताना अडतं.

समिती नुसती कॉलनीच्या मीटिंगमध्ये हात वर करून नेमली असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने कुणीच नाही. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ जणांनी संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात तिची १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंदणी लागते. त्यानंतर संस्थेच्या नावाचं पॅन आणि बँक खातं. हे होईपर्यंत खजिनदाराच्या स्वतःच्या मोबाइलवरच्या क्यूआर कोडवर भाडं घेऊ नका. माणूस कितीही सरळ असला तरी सहा महिन्यांनी त्याच्या घरखर्चाचे आणि हॉलचे पैसे वेगळे करता येत नाहीत, आणि संशय मात्र कायमचा चिकटतो. गणेश मंडळाचा हिशेबही वेगळाच ठेवा. मांडवाचे उरलेले पैसे हॉलला आणि हॉलचे आरतीला, ही अदलाबदल ऑडिटरला समजावता येत नाही.

आता माणसं. २१ जणांची समिती ही मानाची यादी असते. निम्म्यांना वगळलं तर वाईट वाटेल म्हणून घेतलेली नावं. कामाला ९ पुरतात, आणि गणपूर्ती ५ची ठेवता येते. उरलेल्या १२ जणांना सल्लागार मंडळात घ्या, वर्षातून दोनदा बोलवा, पण त्यांच्या सहीची गरज कुठेच ठेवू नका. नऊ जणांत किमान तीन बायका हव्यात, आणि त्यांच्या जागी मीटिंगला नवरा येऊन बसणार असेल तर ती जागा रिकामी धरायची, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. अभ्यासिकेत रोज येणारा किंवा येणारी एक तरुण व्यक्ती घ्या. नळ गळतोय हे सगळ्यात आधी तिला कळतं. नगरसेवक, माजी नगरसेवक आणि देणगीदार यांना कार्यकारिणीत घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांचा मान कोनशिलेवर आणि कार्यक्रमात राखता येतो. त्याऐवजी भुसावळकडून रेल्वेतून निवृत्त झालेला एखादा इलेक्ट्रिकल फोरमन कॉलनीत राहायला आला असेल तर त्याच्या घरी जाऊन चहा घ्या. देणगीदार एकदा पैसे देतो, असा माणूस दरवर्षी वाचवतो.

दर वर्षी तीन जण निवृत्त आणि तीन नवे, अशी तरतूद संस्थेच्या घटनेत असली की पाच वर्षांनी सगळी समिती एकदम बदलून मागचं कुणालाच ठाऊक नाही, असं होत नाही.

पण कुठलीही समिती रोज सकाळी कुलूप उघडत नाही. तुमच्याकडे बिघडलंय ते इथे. बुकिंगची वही, किल्ली आणि पैसे या तीन गोष्टी तीन वेगळ्या हातांत द्या. वहीवाला तारीख लिहितो, पण किल्ली देऊ शकत नाही. किल्लीवाला पावती पाहिल्याशिवाय कुलूप काढत नाही. पावती खजिनदार देतो, पण त्याला तारीख ठरवता येत नाही. तिघांपैकी कुणालाही अध्यक्षांचा फोन आला तर उत्तर एकच: “अप्पा, वहीत लिहिलेलं नाही.” यात कुणाचा अपमान नाही, आणि फुकट देण्याची वाट आपोआप बंद होते. सवलत द्यायचीच असेल तर ती दरपत्रकात छापा: बचतगट, आरोग्य शिबिर, लसीकरण, शोकसभा यांना भाडं नाही, फक्त वीज आणि सफाई. छापलेली सवलत सगळ्यांची असते, तोंडी दिलेली एकाचीच.

किल्ली देताना आणि घेताना भरायचा कागद डुप्लिकेट पावतीबुकासारखा कार्बन लावून छापून घ्या. त्यावर आठ-दहा नोंदी पुरतात: मीटरचं रीडिंग, टाकीतली पाण्याची पातळी, खुर्च्या, सतरंज्या, चालू पंखे, तुटलेले रेग्युलेटर, नळ, संडासाच्या कड्या, खिडक्यांच्या काचा. खुर्च्या दहा-दहाच्या थप्प्यांत मोजायच्या आणि प्रत्येकीच्या पाठीमागे ऑइल पेंटने नंबर टाकायचा, नाहीतर मंडपवाल्याच्या जुन्या खुर्च्या तुमच्यात आणि तुमच्या नव्या त्याच्या टेम्पोत जातात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात एकच मोसम बाहेर राहिलेली खुर्ची वरून चांगली दिसते आणि जड माणूस बसला की मागचा पाय कडकन फाटतो. मीटर रीडिंगच्या दोन आकड्यांवरून वीज वेगळी आकारा. भाड्यातच वीज धरली की पाहुणे रात्रभर रोषणाई चालू ठेवतात. अनामत त्याच दिवशी, दोघांच्या सह्या झाल्यावर, जागेवरच परत करा. “उद्या या” म्हटलं की भांडण सुरू.

बुकिंग पूर्ण दिवसाचं देऊ नका. सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी ४ ते रात्री १० अशी दोन सत्रं, मधले दोन तास सफाईचे. याचं मोठं कारण गंधमुक्ती, म्हणजे मृत्यूनंतर सुतक फिटतानाचा विधी आणि पंगत. साखरपुडा दोन महिने आधी ठरतो, गंधमुक्तीची तारीख आठ-दहा दिवस आधी कळते, आणि दोन्ही घरं कॉलनीतलीच असतात. त्या वेळी अध्यक्षांनी मध्यस्थी करून कुणाला तरी माघार घ्यायला लावायची, ही रीत चुकीची. दोन्ही घरं वर्षभर बोलत नाहीत. सत्रं वेगळी असली तर गंधमुक्तीची पंगत दुपारी एकपर्यंत उठते आणि साखरपुड्याचे पाहुणे पाचला येतात. सकाळचं सत्र आधीच गेलं असेल तर काय, याचा नियमही आधीच लिहा: दुःखाच्या घराला पटांगण आणि पाण्याची टाकी मोफत, मांडव त्यांचा.

ध्वनिक्षेपक रात्री १०ला बंद. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. काही ठरावीक दिवशी शासन रात्री १२पर्यंत सूट देतं. ती सरसकट कुणाच्या हळदीला लागू होत नाही. श्रावणात कानबाई देवी बसते तेव्हा रविवारची रात्र जागरणाची असते. भाऊबंद दुरून आलेले असतात, त्यांना हॉल द्यायलाच हवा. दहानंतर गाणी बिनमाइकची, एवढंच आधी सांगून ठेवा. बायकांच्या आवाजाला तसाही माइक लागत नाही. बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे भर लग्नसराईत येतात. त्या काळात सोमवार ते शुक्रवार संध्याकाळचं सत्र वाद्यांशिवायच मिळेल, असं दरपत्रकावर ठळक छापा.

पैशाचं गणित असं मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. राखणदार ७,०००, सफाई २,०००, सत्रांबाहेरची वीज ४,५००, पाणी-टँकर १,५००, किरकोळ दुरुस्ती २,०००, म्हणजे महिना १७,००० आणि वर्षाला २,०४,०००. त्यात रंग, पत्रे, मोटार यांच्यासाठी वर्षाला ३६,००० बाजूला टाका. झाले २,४०,०००. जमेला ४० सत्रं ३,०००ने म्हणजे १,२०,०००. अभ्यासिकेचे ४० विद्यार्थी महिना २००ने, वर्षाला ९६,०००. १२० घरांची वार्षिक वर्गणी २०० म्हणजे २४,०००. बरोबर जुळतं. पण ही जमा वर्षभर सारखी येत नाही. तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंत हॉल भरलेला, आणि आषाढ ते कार्तिक जवळपास रिकामा. खर्चाचा मोठा भाग, म्हणजे गळती, मोटार जळणं, गवत काढणं, नेमका त्या रिकाम्या महिन्यांत. म्हणून जूनअखेर खात्यात किमान चार महिन्यांचा खर्च, इथे ६८,०००, शिल्लक असायला हवा. थकलेल्या बिलांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं: मे महिन्यात पैसा दिसला म्हणून साउंड सिस्टिम घेतली आणि सप्टेंबरात महावितरणची नोटीस आली.

विजेवर थोडं जास्त बोलतो, कारण हॉल तिथेच मार खातात. पहिलं, जोडणी कोणत्या वर्गातली आहे ते बिलावर बघा. बांधकामाच्या वेळी कुणीतरी घरगुती मीटर घेतलेलं असतं आणि त्यावर भाड्याचे कार्यक्रम चालतात. २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६खाली असा वापर अनधिकृत ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. दुसरं, भार मोजा. १२ पंखे ९०० वॅट, दिवे ४००, चार मोठे कूलर हजाराच्या आसपास, एक एचपीची मोटार ७५०, साउंड दीड-दोन हजार. पाच किलोवॅट सहज होतात, आणि मंडपवाल्याची रोषणाई अजून मोजलेलीच नाही. तो येतो, मेन बोर्डचं झाकण काढतो, दोन वायरी खोचतो आणि जातो. सगळा भार एकाच फेजवर पडतो, न्यूट्रलचा स्क्रू तापून ढिला होतो. थ्री-फेज जोडणीत न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज तीनशेच्या वर जाऊ शकतं. मग अभ्यासिकेचे दिवे, पंखे, वायफाय राउटर एका संध्याकाळी जातात आणि दोष लाइनमनला दिला जातो. उपाय: बाहेरच्या भिंतीला मंडपवाल्यासाठी वेगळा पॉइंट, त्याला स्वतंत्र ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच). मेन बोर्डाला कुलूप, त्याची किल्ली किल्लीवाल्याकडेच. त्याहून जास्त रोषणाई हवी तर जनरेटर. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं.

आग विझवायला सहा किलोचे दोन एबीसी सिलिंडर, एक दाराशी, एक स्वयंपाकाकडे. काटा हिरव्यात आहे का ते किल्लीच्या कागदावर नोंदवा. २००६च्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यायचं असतं. स्वयंपाकाला १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडरच, आणि तेही बाहेर सावलीत. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, त्यामुळे खोलीला वर झरोका असून भागत नाही, खाली जाळी हवी.

हिवाळ्यात भरीत पार्ट्या सुरू होतात, तेव्हा वेगळीच कटकट. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, म्हणजे धूर आणि काजळी. पेव्हर ब्लॉकवर जाळ केला की ब्लॉक तडकतात आणि कंपाउंडची भिंत काळी होते. कोपऱ्यात सहा फूट बाय चार फूट जागेवर नऊ इंच वाळू टाकून विटांची कड बांधा. जाळ तिथेच, वरण-बट्टीच्या आचाऱ्याची भट्टीही तिथेच. पाणी माणशी दहा लिटर धरा, भांडी धुण्यासकट. दोनशे पानांना २,००० लिटर. वर हजाराची टाकी असेल तर पहिली पंगत उठतानाच नळ कोरडे. पाणी दिवसाआड येतं तिथे जमिनीत किमान ५,००० लिटरची टाकी हवीच, आणि संडासाला वेगळी छोटी टाकी, जी स्वयंपाकाला उघडता येत नाही. बायका कार्यक्रमाला येऊन तासाभरात का निघतात, याचं उत्तर बऱ्याचदा त्या संडासाच्या नळात असतं.

छप्पर पत्र्याचं असेल तर पारा ४५च्या पुढे गेलेल्या दुपारी आत बसवत नाही. वरून पांढरा परावर्तक रंग, आतून सीलिंग, आणि उंचावर दोन बाजूंना झरोके. नुसते कूलर लावले आणि खिडक्या बंद ठेवल्या तर हवा दमट होऊन अजून त्रास, समोरची खिडकी उघडी लागते. मे संपायच्या आत पत्र्याच्या हुक-बोल्टचे वॉशर बदला. उन्हाने ते कडक होऊन चिरतात, आणि पहिल्या पावसात गळती पत्र्यातून वाटते ती खरी तिथून असते.

अभ्यासिका आणि बायकांचे गट हे हॉलचे रोजचे मालक आहेत, त्यांना उरलेली वेळ देऊ नका. अभ्यासिकेला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र दार हवं, माणशी वीसेक चौरस फूट, सकाळी ६ ते रात्री १०, हजेरी वही दारात. लग्नाच्या दिवशी ती बंद ठेवायची नाही. मुलींचे पालक आधी रस्त्यावरचा दिवा आणि येण्याजाण्याची वेळ बघतात, फी नंतर. बायकांना दुपारी २ ते ५, बाजूच्या छोट्या खोलीत. फाल्गुन-चैत्रात बिबड्या, कुरडया वाळत घालायला गच्ची द्या. त्यासाठी फक्त एक जाळीचं दार आणि पाण्याचा नळ लागतो. वर्षाच्या अहवालात भाड्याच्या रकमेशेजारी हॉल किती तास उघडा होता हेही छापा. वर्गणी मागताना तोच आकडा कामी येतो.

राखणदाराला नेमणूकपत्र द्या, पगार बँकेतून द्या. खोली दिली तर ती नोकरीपुरती आहे हे पत्रात लिहा. हे न लिहिल्याने वीस वर्षांनी खोलीवर हक्क सांगितला जातो. दुकान किंवा खोली कुणाला तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची तर, जागा संस्थेच्या मालकीची असेल तेव्हाही, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

जात, भाऊबंदकी, पक्ष यांवरून हॉल नाकारणं कुठल्याच समितीच्या अधिकारात नाही. १९५५चा नागरी हक्क संरक्षण कायदा आणि २०१६चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा दोन्ही इथे लागू होऊ शकतात. “तारीख नाही” हे खोटं उत्तर वहीवाला देतोय अशी शंका असेल तर वही दाराशी ठेवा, कुणालाही पाहता येईल अशी. पक्षाच्या बैठकीला एकतर सगळ्यांना पूर्ण भाडं, नाहीतर कुणालाच नाही.

सभेच्या तारखा लोकांच्या येण्याजाण्यावर धरा. नंदुरबारच्या पाड्यांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परततात; वार्षिक सभा तेव्हाच, आणि बोलणं भिली-पावरीत. शहरी कॉलनीत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आणि घरं भरलेली असतात. त्या आठवड्यात सभा ठेवली तर कुणी येत नाही. ऑगस्टमधला रविवार, सकाळी ९, बरा. ऑडिट ३० सप्टेंबरच्या आत दाखल करायचं असतं, म्हणजे सभेत हिशेबही वाचून होतो.

आता अध्यक्ष. मुदत संपायच्या आधी काढू नका. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. काढलेला माणूस त्याला हरकत घेतो, समांतर सभा भरवून दुसरा बदल अर्ज टाकतो, बँक दोन्ही गटांच्या सह्या नाकारते आणि हॉल वर्ष-दोन वर्षं कुलपात जातो. पुढच्याच बैठकीत फक्त तीन ठराव मांडा: दरपत्रक आणि छापील सवलती, वही, किल्ली, पैसे तीन नावांवर, आणि बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या. अध्यक्षांनाच सूचक करा. ते तयार झाले तर फुकटचे फोन त्यांच्याच सहीने थांबतील. नाही झाले, तर त्यांचा विरोध इतिवृत्तात जसाच्या तसा लिहा, मतदान घ्या आणि उपस्थितांच्या सह्या त्याच दिवशी घ्या.